रमाबाई वाड्याबाहेर पडल्या, त्याची गोष्ट

रमाबाई रानडे म्हटलं की आपल्याला पाटी घेऊन बसलेली छोटी रमा आठवते. 'उंच माझा झोका' ही मालिका २०१२ मध्ये टीव्हीवर लागली, तेव्हा तुमच्यातले बरेच जण अगदी लहान असतील. पण घरात आजी आणि आई जेवणाची ताटं घेऊन टीव्हीपुढे बसायच्या, एवढं तरी ध्यानात असेल. न्यायमूर्ती रानड्यांची बायको, नवऱ्यानं शिकवलं, घरच्या बायकांनी छळलं, तरी शिकली. गोष्ट खरीच आहे. पण ती अर्धी आहे.

रमाबाईंनी स्वतः लिहिलेलं पुस्तक आहे, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. ते १९१० साली छापलं गेलं, प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. मराठीतल्या बायकांच्या आत्मचरित्रांमध्ये या पुस्तकाचं नाव फार वरचं. आता गंमत बघा. हे पुस्तक जानेवारी १९०१ पाशी, न्यायमूर्ती रानडे गेले तिथं संपतं. रमाबाई त्यानंतर २३ वर्षं जगल्या. ज्या कामासाठी त्यांचं नाव रस्त्यांना, शाळांना, पोस्टाच्या तिकिटाला मिळालं, ते सगळं काम त्या २३ वर्षांतलं. म्हणजे पुस्तक जिथं थांबतं तिथून खरी रमाबाई सुरू होते. आणि मधे एक वर्ष असं आहे की ज्यात ही बाई पुण्याच्या वाड्यात स्वतःला कोंडून घेऊन बसली होती. आजचा विषय ते वर्ष आणि त्यानंतर त्यांनी टाकलेलं पाऊल.

हा विषय आत्ताच का, तर तुम्हाला माहीतच आहे. तामसा, मनाठा, निवघा इथून पोरंपोरी बारावीपर्यंत हदगावला अप-डाऊन करतात, पुढं नांदेडला नाहीतर लातूरला रूम करून राहतात. मोबाईलमध्ये पाचशे नंबर असतात, पण रात्री अकराला फोन करावा असा त्यात एक सापडत नाही. घरी फोन लावला तर सगळं बरं आहे असंच सांगायचं असतं, कारण तिकडं सोयाबीनला भाव नाही, बापाला टेन्शन कशाला द्यायचं. मेसचा डबा अर्धा तसाच राहतो. मग छातीत धडधड, झोप नाही, पेपर जवळ आला की हाताला घाम. याला आता आपण एन्झायटी म्हणतो. रमाबाईंच्या काळात या शब्दाशिवायच माणसं हे सगळं भोगत होती.

देवराष्ट्रे हे त्यांचं माहेर. तेव्हा सातारा जिल्ह्यात, आता सांगलीत. (यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावचा.) कुर्लेकरांची ही मुलगी, माहेरचं नाव यमुना. १८७३ च्या डिसेंबरात तिचं लग्न झालं तेव्हा ती ११ वर्षांची होती. नवरा ३१ वर्षांचा, पुण्यात न्यायाधीश आणि नामवंत सुधारक. त्यांची पहिली बायको नुकतीच वारली होती. महादेवराव विधवाविवाहाच्या चळवळीतले, त्यामुळे दुसरं लग्न ते विधवेशीच करतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. वडिलांना नेमकी त्याचीच धास्ती. त्यांनी घाईघाईनं ही कुमारिका मुलगी पाहिली आणि लग्न उरकून टाकलं. महादेवरावांनी वडिलांपुढं मान तुकवली. मित्रांनी नावं ठेवली, वर्तमानपत्रांतून टीका झाली. या सगळ्यात त्या ११ वर्षांच्या पोरीचा काही दोष नव्हता, पण ती आली ती अशा लग्नातून आली. हे मालिकेत पाहताना गोड वाटतं. नीट विचार केला तर तितकं गोड नाही.

अक्षरओळख नसलेल्या मुलीला महादेवरावांनी लगोलग शिकवायला घेतलं. पाटी, मग मराठी पुस्तकं, मग इंग्रजी. वाड्यात मात्र नात्यातल्या पाच-सात बायका होत्या, त्यात महादेवरावांची विधवा बहीणही. वर माडीवर नवरा म्हणायचा वाच, आणि खाली स्वयंपाकघरात वाचणाऱ्या बाईला टोमणे. नुसते टोमणे असते तर ठीक. कधी कधी सरळ अबोलाच. घर भरलेलं आणि बोलायला कोणी नाही. इंग्रजी शिकवायला गोऱ्या बाई येऊ लागल्या, तेव्हा त्यांना शिवल्यावर आंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही असा नियम निघाला. थंडीवाऱ्याचं पुन्हा पुन्हा अंगावर पाणी घ्यायचं, पण शिकणं सोडायचं नाही.

इथं महादेवरावांबद्दलही एक बोललं पाहिजे. आपण त्यांना देवमाणूस करून ठेवलंय. पण त्यांची राग व्यक्त करायची पद्धत म्हणजे गप्प बसणं. त्यांना पटलं नाही असं काही रमाबाईंच्या हातून घडलं की ते रागवायचे नाहीत, बोलायचेच बंद व्हायचे. घरातल्या बायका बोलत नाहीत म्हणून ज्याच्याकडं बघायचं, तोच माणूस गप्प. सभेला जावं तर बायका चिडतात, जाऊ नये तर नवरा मुका होतो. अशा कात्रीत दिवस काढलेल्या मुलीला धडधड म्हणजे काय ते आपण समजावून सांगायची गरज नाही.

१८७८ मध्ये महादेवरावांची बदली नाशिकला झाली. पहिल्यांदाच दोघांचं असं घर मिळालं. रोजचा पेपर वाचणं, खर्चाची वही ठेवणं, बायकांच्या ओळखी करणं, हे सगळं तिथं सुरू झालं. नाशिकच्याच हायस्कुलातल्या कार्यक्रमात त्या पहिल्यांदा चारचौघांत भाषणाला उभ्या राहिल्या. पुढं १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्याला आल्या. नवरा नुकताच वारलेला, कडेवर तान्ही मुलगी, आईबाप दुष्काळात गेलेले, भाऊही गेलेला. त्यांनी आर्य महिला समाज काढला. रमाबाई रानडे तिथं जायला लागल्या आणि घरी पुन्हा महाभारत सुरू झालं. पण एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढं आली असणार. जिचं सगळं गेलंय अशी बाई कोपऱ्यात बसून न राहता दुसऱ्या बायकांना गोळा करत होती.

मधल्या वीस वर्षांत फिरणं खूप झालं. महादेवराव सरकारी समितीवर होते तेव्हा सिमला झालं, कलकत्ता झालं. कलकत्त्यात महादेवरावांनी बंगाली शिकायला घेतलं, आणि दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यालाच मास्तर केलं, हा किस्सा रमाबाईंनी सांगितलेला आहे. हायकोर्टाचा जज्ज होऊ घातलेला माणूस तोंडाला साबण लावून न्हाव्याकडून उच्चार दुरुस्त करून घेतोय, हे चित्र मला फार आवडतं. १८९३ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. मुंबईत रमाबाईंनी हिंदू बायकांचा क्लब सुरू केला. तिथं भाषा शिकवायच्या, शिवण शिकवायचं, प्रथमोपचार शिकवायचे. मूलबाळ नव्हतं. नवराच सगळं काही होता, गुरूही तोच, सोबतीही तोच, बाहेरच्या जगाचं दारही तोच.

१६ जानेवारी १९०१ च्या रात्री ते गेले. हृदयाचं दुखणं बरेच दिवस होतं.

रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आतच होत्या. मुंबईचं बिऱ्हाड मोडून त्या पुण्याला, आजच्या महात्मा फुले मंडईजवळच्या रानडे वाड्यात आल्या आणि दार लावून बसल्या. वर्षभर. त्या काळात वरच्या जातीतल्या विधवेनं वर्षभर घराबाहेर पडायचं नाही, ही रूढी होतीच. त्यामुळं बाहेरच्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. एकटेपणाची ही एक वाईट सोय असते. समाजाला तो कधी कधी सद्गुण वाटतो. कोपऱ्यात बसलेली विधवा म्हणजे चांगली विधवा. आजही बघा, रूममधून बाहेर न पडणाऱ्या पोराला घरचे अभ्यासू म्हणतात.

पैशाची ददात नव्हती. नाव मोठं होतं. गोखल्यांसारखी माणसं विचारपूस करणारी होती. तरीही ते वर्ष गेलं तसंच गेलं, कारण अडचण पैशाची किंवा नावाची नव्हतीच. सत्तावीस वर्षं ज्याच्या प्रश्नांना उत्तरं देत जगायची सवय झाली, तो माणूस उरला नव्हता. आता काय वाचलं, कोण भेटलं, सभेत काय झालं, हे विचारणारं कोणी नाही. पुस्तकं तीच, वाडाही तोच.

अशा वेळी आपण काय करतो? वाट बघतो. कोणीतरी येईल, समजून घेईल, मग बरं वाटेल. रमाबाईंकडं येणारे कमी नव्हते, पण येणारा जो तो सांत्वन करायला यायचा. सांत्वन घेऊन घेऊन माणूस उभा राहतोच असं नाही.

त्या बाहेर पडल्या आणि गेल्या कुठं, तर तुरुंगात. तिथल्या बायकांना भेटायला.

जरा थांबून याचा अर्थ बघू. हायकोर्टाच्या जज्जाची बायको ती. ज्यांना शिक्षा व्हायची त्या बायकांचं आणि तिचं आयुष्य आजवर कोर्टाच्या दोन टोकांना. त्या काळी तुरुंगात कोण बायका असायच्या? चोरीमारीतल्या असायच्या, घरातल्या भांडणातून हातून खून झालेल्या असायच्या. आणि आणखी एक प्रकार होता. लहानपणी विधवा झालेली, कोणीतरी फसवलेली, दिवस गेलेले, आणि अब्रूच्या भीतीनं जन्मलेलं मूल मारलेली बाई. हे त्या काळात इतकं होत होतं की जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. म्हणजे तुरुंगात रमाबाईंच्या पुढं बसलेल्या बायकांमध्ये विधवा असणारच. वैधव्य तेच. एकीला नशिबानं वाडा मिळाला होता, दुसरीला कोठडी.

तिथं जाऊन त्या करायच्या काय? बोलायच्या. बसायच्या. आपणही माणूस आहोत, आपल्याला अजून मान आहे, हे त्या बायकांना वाटावं यासाठी धडपडायच्या. सुटकेचा अधिकार त्यांच्या हातात नव्हता, शिक्षा कमी करता येत नव्हती. त्यांच्याकडं द्यायला फक्त वेळ आणि कान होते. मग सुधारगृहातली मुलं. सणासुदीला घरची आठवण सगळ्यात जास्त येते, म्हणून सणाला मिठाई घेऊन जायचं, त्यांच्याशी बोलायचं. मग दवाखाने. आजारी माणसांसाठी फुलं, फळं, वाचायला पुस्तकं. आजाऱ्याला पुस्तक न्यायचं हे कोणाला सुचेल? ज्या बाईला वाचण्यानं एकदा वाचवलंय, तिलाच सुचेल.

आणि हे एकदाच जाऊन फोटो काढून येण्यातलं नव्हतं. नेमानं जायचं. आपण जाणार आहोत याची कोणीतरी वाट बघतंय, ही गोष्ट माणसाला अंथरुणातून उठवते. तुरुंगातली बाई रमाबाईंची वाट बघत होती. माझ्या मते रमाबाईंचं वाड्यातलं वर्ष संपलं ते इथं. त्या स्वतःला बरं करायला तिथं गेल्या असं मी म्हणणार नाही. पण सत्तावीस वर्षं कोणीतरी त्यांना विचारायचं आणि त्या सांगायच्या. आता त्या विचारू लागल्या आणि दुसरं कोणी सांगू लागलं.

असंच काहीसं पुढं पार अमेरिकेत घडलं. १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा दारू सोडलेला माणूस धंद्याच्या कामानं अॅक्रन शहरात आला होता. काम फसलं, खिसा रिकामा, हॉटेलात एकटा, आणि पलीकडं बार. आत गेला तर संपलाच असता. त्यानं फोन फिरवायला सुरुवात केली. स्वतःला मदत मागायला नाही, तर दारूनं ग्रासलेलं दुसरं कोणी आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय, असं विचारत. त्याला डॉक्टर बॉब स्मिथ भेटला आणि त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी राहिली. समोरच्याला सावरताना आपणही सावरतो, हे त्याच्या हाती त्या रात्री लागलं. रमाबाई तोवर जाऊन ११ वर्षं झाली होती.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती न सांगता पुढं जाणं बरोबर नाही. साने गुरुजी घ्या. अमळनेरच्या वसतिगृहात घर सोडून आलेल्या पोरांची त्यांनी आईसारखी काळजी घेतली. त्यांच्या पुस्तकांनी किती पिढ्यांच्या डोळ्यांतलं पाणी पुसलं. पत्रांतून त्यांनी कितीजणांना धीर दिला. आणि तेच गुरुजी आत खचत गेले, १९५० च्या जूनमध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. दुसऱ्याला आधार देणारा माणूस आतून भक्कमच असतो असं समजू नका. तुमच्या ग्रुपमध्ये जो सगळ्यांचं ऐकून घेतो, ज्याला सगळे रात्री मेसेज करतात, त्याला तू कसा आहेस हे शेवटचं कधी विचारलं होतं? आणि तो माणूस तुम्ही स्वतः असाल, आणि जड होत असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. दुसऱ्यांना सावरता सावरता आपणही डॉक्टरकडं जावं, यात विसंगती काही नाही.

रमाबाई आणि गुरुजी यांची तुलना करणं गुरुजींवर अन्याय करणं होईल. दोघांचे स्वभाव वेगळे, काळ वेगळा. पण रमाबाईंच्या बाबतीत एक गोष्ट ठळक दिसते. त्यांनी ओझं एकटीनं उचललं नाही. दुसऱ्याचं दुःख ऐकायचं काम त्यांनी पुष्कळ माणसांत वाटून दिलं, त्याची संस्था केली.

१९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या उभारणीत त्या होत्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल हे दोघं त्यांच्याकडं एक कल्पना घेऊन आले. बायकांसाठी घर काढायचं, आणि भारतीय बायकांना नर्स म्हणून तयार करायचं. मुंबईत सेवासदन उभं राहिलं. पुढच्या वर्षी, १९०९ मध्ये पुण्यातही. पुण्याच्या कामात त्यांच्या जोडीला होते गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले गोपाळ कृष्ण देवधर. आणि सुरुवातीची जागा कोणती, तर रमाबाईंचा स्वतःचा वाडा. ज्या वाड्यात लहानपणी वाचते म्हणून अबोला सोसला, जिथं वर्षभर दार लावून घेतलं, त्याच वाड्यात आता शिकायला येणाऱ्या बायकांची वर्दळ. वाचणाऱ्या बायकांनी भरलेला वाडा. मालिकावाल्यांनाही याहून चांगला प्रसंग सुचला नसता.

नर्स हा शब्द आज ऐकताना आपल्याला काही वाटत नाही. आपल्या भागातल्या कितीतरी मुली जीएनएम, बीएस्सी नर्सिंग करून पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांत आहेत, करोनात त्यांनी काय केलं ते आपण पाहिलंय. १९१० च्या आसपास मात्र चांगल्या घरची बाई नर्स होणं म्हणजे घराण्याला काळिमा. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची. त्यातून ती विधवा. म्हणजे शुभकार्यात जिचं तोंड बघायचं नाही, ती पहाटे बाळंतिणीजवळ उभी! लोकांना हे पचायला किती जड गेलं असेल बघा. पण रमाबाईंचा हिशोब वेगळा होता. जिला घरात कोणाला नको आहे, तिला दवाखान्यात रोज चाळीस माणसं हाका मारतील. पगार मिळेल ते वेगळंच.

मला वाटतं सेवासदनाची खरी हुशारी इथं आहे. विधवांसाठी आश्रम तेव्हाही निघत होते, आणि गरजेचे होते. धोंडो केशव कर्व्यांचं काम तर केवढं मोठं. पण रमाबाईंनी त्या बायकांना नुसता निवारा दिला नाही. ज्यांना आधार हवा होता त्यांनाच आधार देणाऱ्या केलं. मास्तरीण केलं, नर्स केलं, डॉक्टरकीच्या शिक्षणाला पाठवलं. अडचणीत सापडलेल्या माणसाला आपण सहसा सल्ला देतो, मदत देतो, फार तर पैसे देतो. त्याच्याकडून काही मागत नाही. मागायला आपल्याला संकोच वाटतो. रमाबाईंना वाटला नाही. तुझं दुःख मोठं आहे हे कळतंय, आता त्या पलीकडच्या खाटेवरच्या बाईला जरा बघ, अशी ती पद्धत. कठोर वाटते. पण ती सुचवणारी बाई स्वतः त्यातून गेलेली होती, म्हणून ती पटत असावी.

१९१५ मध्ये पुणे सेवासदन संस्था म्हणून रीतसर नोंदली गेली. अध्यापिका विद्यालय झालं, तीन वसतिगृहं झाली. एक डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलींसाठी, एक नर्सिंगच्या उमेदवारांसाठी. वसतिगृहात राहणाऱ्यांनी इथं एक लक्षात घ्या. त्या काळात बाहेरगावाहून आलेली, नवरा गेलेली, सोळा-सतरा वर्षांची मुलगी ट्रंक घेऊन अशा वसतिगृहाच्या दारात उभी राहायची, तेव्हा तिला परत जायला घरही धड नसायचं. आपल्याला किमान दिवाळीला हदगावची एसटी असते.

बाकीची कामं मी भराभर सांगतो, कारण ती कुठल्याही चरित्रात सापडतात. १९१३ मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मदतीला तिकडं गेल्या. १९२० च्या सुमाराला पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण फक्त मुलांना की मुलींनाही, हा वाद पेटला. पैसे नाहीत, आधी मुलांचं बघू, असं म्हणणारे मोठमोठे पुढारी होते. रमाबाईंनी पुण्याच्या रस्त्यावरून बायकांचा मोर्चा काढला. टाळ्या, टोमणे दोन्ही मिळाले असतील, टोमण्यांची त्यांना अकराव्या वर्षापासून सवय होती. १९२१ मध्ये मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क मिळाला, त्या चळवळीतही त्या पुढं होत्या. हे सगळं चालू असताना आपला हदगाव तालुका निजामाच्या राज्यात होता, इथं मुलींच्या शिक्षणाची गाडी कितीतरी उशिरा सुटली. त्या उशिराची किंमत आपल्या आज्या-पणज्यांनी मोजली आहे, हेही या निमित्तानं ध्यानात ठेवायला हरकत नाही. १९६२ मध्ये टपाल खात्यानं रमाबाईंचं तिकीट काढलं.

१९२४ मध्ये त्या वारल्या तेव्हा पुणे सेवासदनाच्या निरनिराळ्या विभागांत हजारावर बायका शिकत होत्या. मूलबाळ नसलेल्या, नवरा गेल्यावर जगाला पाठ करून बसलेल्या बाईच्या आसपास हजार बायका.

शेवटच्या वर्षांतलं त्यांचं एक काम फारसं कोणी सांगत नाही. आषाढी-कार्तिकीला आळंदीला गर्दी लोटते. आपल्याकडूनही वारकरी जातात, गावातली एखादी आजी तरी दरवर्षी जातेच. गर्दीत बायका चुकतात, आजारी पडतात, चेंगरतात. खेड्यातून पहिल्यांदाच बाहेर पडलेली बाई, बरोबरच्यांची चुकामूक झालेली, लिहिता-वाचता येत नाही, कोणाला काय विचारावं कळत नाही. रमाबाई साठीच्या होत्या, तब्येत पहिल्यासारखी राहिली नव्हती. सेवासदनातल्या मुलींना स्वयंसेविका म्हणून बरोबर घ्यायच्या आणि यात्रेला आलेल्या बायकांच्या मदतीसाठी आळंदीला जाऊन उभ्या राहायच्या.